रांगेतला पहिला पाट

नाहूर,
शनिवार, दुपार

प्रिय दिशू,

आधी हे ऐक. इमानीला सर्दी झालेली नाही. ताप नाही, घसा नाही, काही नाही. डब्यातले शेवटचे अनारसे काल तिनेच संपवले. तुझा फोन आला की मी जे ‘झोपलीय गं, नाक चोंदलंय’ सांगते ती शुद्ध थाप आहे, आणि थापा मारणं मला कधीच जमलं नाही हे तुला ठाऊक आहे. भाऊबीज झाली, सुट्टी संपत आली, तरी पोर अंधेरीला घरी यायला तयार नाही. तुझ्याशी फोनवर बोलायलाही तयार नाही. का, ते मला कळलंय. तेच लिहायला बसलेय, पण बूड एका जागी टिकेल तर शपथ. मघाशी कुकर लावायला उठले, मग लावलेला कुकर बघायला उठले. फोनवर हे सांगता आलं नसतं. तू मला मध्येच तोडतेस आणि मी मध्येच रडते, आणि मूळ गोष्ट राहते बाजूला.

भाऊबीजेला तू सिद्धेशला ओवाळलंस, ताट खाली ठेवलंस आणि पिशवीतून पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा कागद काढलास. हा नमुना आहे, सोमवारी मी हो म्हटलं की छपाईला जाणार, म्हणालीस. सगळ्यांनी तो कागद डोक्यावर घेतला. सिद्धेश ‘झकास, ताई!’ म्हणून ओरडला. त्यावर इमानी पाठमोरी बसलेली, तिच्या सगळ्या बारीक बारीक वेण्या मण्यांसकट, समोर रिकामा पाट, आणि वर तुझं नाव. मी चष्मा पुसून पुसून बघितलं. लेकीचं नाव पुस्तकावर, कोणत्या आईची छाती फुगणार नाही? पोरीकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. ती करंजी हातात धरून उभी होती आणि सारण फरशीवर सांडत होतं. तू म्हणालीस, ‘काय गं, आवडलं ना? तूच आहेस ती!’ ती ‘हं’ म्हणाली. ते ‘हं’ मला तेव्हाच खटकलं होतं, पण जेवणाची पानं वाढायची होती.

तू आणि कामाऊ अंधेरीला गेलात, ती सुट्टीला माझ्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी मी देवासाठी हार ओवत होते, तर समोर येऊन मांडी घालून बसली आणि माझी कात्री उचलून माझ्याच हातात दिली. ‘आजी, केस काप. सगळे. एकदम मुलांसारखे.’ मी म्हटलं, काय गो, उवा झाल्या काय? तर म्हणते कशी, ‘पुस्तक येईल ना, मग शाळेत सगळ्यांना कळेल ती मीच आहे. केस नसले तर नाही कळणार.’

दिशू, माझ्या हातातलं झेंडूचं फूल तसंच राहिलं.

त्या वेण्या मी कशा शिकले ते तू विसरली असशील. नैरोबीहून वंजिरूने मला व्हिडिओवर शिकवलं. तुझ्या नणंदेला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. ती तिथे तिच्या लेकीच्या डोक्यावर भांग पाडायची, मी इथे इमानीच्या. ती ‘पोले पोले’ म्हणायची, म्हणजे सावकाश. मला वाटायचं बाईला पोळीची आठवण येतेय. पहिल्या खेपेला मी पोरीच्या डोक्याचं असं काही करून ठेवलं होतं की कामाऊ दारातच बसून हसला. आता माझ्या बोटांना डोळे आहेत. ती आली की दुपारभर ती पुढे, मी मागे, मध्ये तेलाची वाटी. शाळा, मैत्रिणी, बाई, सगळं त्या वेळात बाहेर पडतं. तुला जे ती सांगत नाही ते मला सांगते असं म्हणायचं नाही मला. पण पाठीमागे बसलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं. तिला समोरचं तोंड बघावं लागत नाही. ते केस ती मला कापायला सांगत होती. कात्री मी तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलीय. फुलांचा दोरा सध्या दातांनी तोडते.

तुझ्या कामाबद्दल माझ्या मनात किंतु आहे असं समजू नकोस. तुझे सगळे लेख माझ्या गादीखाली सपाट होऊन पडलेत. मी चौथीपर्यंतच शिकले. पुढचं सगळं वाचनालयाच्या दिवाळी अंकांनी आणि तुझ्या शाळेच्या पुस्तकांनी शिकवलं, म्हणून छापलेल्या अक्षराला मी अजून पाय लावत नाही. इमानीच्या बालवाडीत बाई त्या फिकट गुलाबी खडूला ‘अंगाचा रंग’ म्हणायच्या, तर तू खडूंची पेटी घेऊन गेलीस आणि विचारलंस, कुणाच्या अंगाचा? तुमच्या की माझ्या? तेव्हापासून तिथली पोरं माणसं तपकिरी काढायला लागली. तिच्या बारशाला कोण ती बाई ‘हिला काजळाची तीट कशाला, दिसणार थोडीच’ म्हणून हसली होती. तेव्हा मी चांगला ठसठशीत ठिपका लावला आणि म्हटलं, दिसतो कसा नाही, जवळ येऊन बघ. बास, माझी धाव तेवढीच. एका बाईचं तोंड बंद केलं आणि मी पेढे वाटायला गेले. तू तसं करत नाहीस. अंधेरीतल्या आयांना जमवतेस, सोसायट्यांच्या सभांना जातेस, काळ्या माणसाला आणि बारीक डोळ्यांच्या मुलींना भाड्याने घर का देत नाही म्हणून चेअरमनला तोंडावर विचारतेस. आमच्या तिसऱ्या मजल्यावर मणिपूरच्या त्या दोन नर्स राहायला आल्या त्या तुझ्यामुळेच. परवा माझं गुडघ्याचं दुखणं निघालं तर त्यातलीच एक धावत आली. हे सगळं मी बघते. रस्त्यावर तू उभी राहिलीस की मला अजून भीती वाटते आणि अभिमानही तेवढाच वाटतो. दोन्ही एकदम वाटतं, म्हणून झोप लागत नाही.

पण शकुच्या दारातली गोष्ट वेगळी आहे. ती पुन्हा नीट आठव. शकु कोण हे तुला सांगायला नको: लालबागच्या चाळीतली माझी शेजारीण, गिरणी बंद पडल्यावर तिच्या नवऱ्याने आणि तुझ्या बाबांनी जोडीने नाहूरला जागा बघितली, दार समोर दार. तू कामाऊशी लग्न ठरवलंस तेव्हा आपल्या घरात नाकं मुरडणाऱ्यांना तिने सुनावलं होतं, ‘पोरगी संसार करणारेय, तुम्हाला कशाला रंगाचा डबा उघडायचाय?’ जावयाला पहिली पुरणपोळी तिने वाढली. आणि त्याच शकुने तिसरीतल्या इमानीला अष्टमीच्या कुमारिकांमधून वगळलं. तू कामावर होतीस, मी बघत होते. मी शिवलेलं परकर-पोलकं घालून पोर दारात उभी. आत बिल्डिंगमधल्या सगळ्या मुली पाटावर बसलेल्या, शकुची नात प्रांजलसुद्धा. पाय धुणं चाललेलं, बांगड्यांचा किणकिणाट. शकु बाहेर आली आणि म्हणाली, ‘हिला नंतर बोलावते हं, आत जागा नाही.’ दार लोटून घेतलं. साताऱ्याचे व्याही आले होते तिचे. मी संध्याकाळी जाऊन तिला विचारलं, शकु, तुझ्या गावची देवी कसल्या दगडाची गो? ती पदराने डोळे पुसत राहिली. ‘माझ्या मनात काही नाही सुलक्षणा, पण व्याह्यांनी आडून विचारलं, ही कुणाची म्हणून. माझी वाट लागली असती.’ मी पुष्कळ बोलले तिला. दोन महिने हळदीकुंकवाला गेले नाही.

तू लिहिलंस. नाव घातलं नव्हतंस, पण नाहूर, समोरचं दार, व्याही साताऱ्याचे. नाव घालायचं उरलं काय? तो लेख पेपरात आला, मोबाईलवर फिरला, शकुच्या सुनेच्या ऑफिसात जाऊन पोचला. शकु किती दिवस खाली भजनाला उतरली नाही. आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. झोंबायलाच हवं होतं. नुसती मी भांडले असते तर चार दिवसांनी आम्ही दोघी पुन्हा चहा प्यालो असतो आणि पुढच्या नवरात्रात तिने पुन्हा दार लोटलं असतं. म्हणून लिहायला नको होतं असं मी म्हणणार नाही. तोंडात साखर घेऊन खोटं बोलायचं माझं वय गेलं.

त्याच्या पुढच्या वर्षी काय झालं ते तू फोटोत बघितलंस. मी समोर बघितलं. शकु स्वतः बोलवायला आली, सोबत सोसायटीच्या आणखी बायका. इमानीला रांगेतला पहिला पाट, भोवती रांगोळी, बाकीच्यांना साधे पाट. शकुने पाय धुतले. मग सेक्रेटरीच्या बायकोने धुतले. मग ती खालच्या मजल्यावरची, जी एरवी कुणाच्या घरी पाणी पीत नाही, तिनेही धुतले. प्रत्येकीचा फोटो. बाकीच्या मुलींच्या पायांवर पळीभर पाणी, इमानीच्या पायाखाली परात भरून वाहायला लागली. दुपारपर्यंत ग्रुपवर फोटो आले, ‘आमच्या सोसायटीत भेदभाव नाही’ असं लिहून, फुलं-बिलं टाकून. तू मला फोन केलास, ‘आई, बघ, लिहिल्याने बदलतं!’ तुझा आवाज इतका आनंदात होता की मी पुढे बोलले नाही. पोर माझ्याजवळ येऊन टॉवेलने पाय पुसत होती. मला हळूच विचारलं, ‘आजी, माझे पाय एवढे घाण आहेत का गं? सगळ्याच धुतायत.’

हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं की नाही यावर मी स्वतःशी फार डोकं फोडलेलं नाही. तुझ्या आनंदात मीठ टाकायचं नव्हतं, एवढंच. पण या नवरात्रात गोष्ट हाताबाहेर गेली. अष्टमीला सकाळी इमानी माझ्या न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. पोट दुखतंय म्हणे. शकु दारात आली, हातात कुंकवाचा करंडा, चेहरा असा की हिचंच पोट दुखतंय. ‘सुलक्षणा, पाया पडते, तिला पाठव. नाही आली तर लोक म्हणतील पुन्हा वगळली. तुझी दिशा पुन्हा लिहील.’ बाई कुमारिका पुजायला आली नव्हती, तुला घाबरून आली होती. मी न्हाणीघराच्या दाराला तोंड लावून विचारलं, बाय, जायचं का? आतून आवाज आला, ‘मला मधला पाट देतील का विचार.’ मी शकुला विचारलं. शकु म्हणाली, ‘मध्ये कशी बसवू? फोटोत दिसायला नको का?’ दारामागे नळ सुरू झाला. तो मोठा सोडला होता तिने, रडणं ऐकू येऊ नये म्हणून. नाही गेली.

आणि प्रांजल. सुट्टीत दोघी दिवसभर माझ्या ओट्याखाली भातुकली मांडायच्या, आठवतं? ती आता या घरी येत नाही. तिच्या आईने सांगितलंय, तिथे काही बोललीस तर छापून येईल. आमच्या दोन दारांमधली जागा दोन पावलांची, पण दोन्ही पोरी आपापल्या दाराच्या फटीतून बघतात. पुस्तकात तू त्या अष्टमीवर सगळ्यात मोठं प्रकरण लिहिलंयस, तू वाचून दाखवलंस मला. खोटं त्यात काही नाही. पण ते वाचल्यावर शकुचं दार कायमचं लोटलेलं राहील, आणि आपली पोर कायमची तिथेच उभी राहील, परकर-पोलक्यात. तिला पाचवीतली व्हायचंय गो. सहावीत जायचंय.

कामाऊ गेल्या आठवड्यात विमानतळावरून थेट इकडे आला होता, फराळाचा डबा घ्यायला. त्याला मी सरळ विचारलं, जावईबापू, तुम्हाला दिसत नाही का पोरीचं? तो ओट्याला टेकून चिवडा खात होता, खायचा थांबला. म्हणाला, ‘आई, मी दिशाला बोललो तर ती म्हणते, तू रोज सोसतोस म्हणून तुला गप्प राहायची सवय झालीय. पण सवय नाही झाली, आई. मी दमलोय. घरी आल्यावर मला फक्त इमानीचा बाप व्हायचं असतं.’ एवढं मोठं मराठी वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. जाताना चिवड्याचा डबा इथेच विसरून गेला.

आता मी तुझ्याकडे काय मागतेय ते स्पष्ट सांगते. सोमवारी ‘हो’ म्हणू नकोस. ते प्रकरण काढ आणि मुखपृष्ठावरचा तिचा फोटो काढ. पुस्तक अपुरं राहील म्हणशील, तर त्या जागी मला घे. तुला कधी सांगितलेलं नाही: मला बघायला आले तेव्हा माझ्या काकाने पाहुण्यांना मुद्दाम तिन्हीसांजेची वेळ दिली. गावात वीज नव्हती. कंदिलाची वात बारीक करून माजघराच्या दाराआड टांगली आणि मला सांगितलं, पोहे ठेव आणि लगेच मागे सर. काळी मुलगी अंधारात खपवायची होती. मी पोहे ठेवले, मागे सरले. तर तुझे बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘वात जरा मोठी करा, मुलगी दिसत नाही.’ काका कंदिलापाशी गेला आणि वातीशी खुडबुड करत राहिला. मग त्यांनी स्वतः उठून वात चढवली आणि मला नीट बघितलं. पुढे चाळीत आल्यावर सासूबाईंनी मला किती वर्षं साय आणि बेसन लावायला लावलं, ते पण लिही. काकाचं नाव लिही, गावाचं लिही, माझं लिही, सुलक्षणा म्हणून ठळक लिही. मला कुणी शाळेत चिडवणार नाही. हे सगळं माझ्यावर गुदरलंय, म्हणून मला ते तुला देता येतं. मुखपृष्ठावर कुणाची पाठ हवीच असेल तर माझी घाल, अंबाड्यासकट.

रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण संध्याकाळी कामाऊ येईल त्याच्या हातात हे पत्र देतेय, ते वाचून उद्या तू स्वतः ये. लोकलने ये, रिक्षाने ये, कशीही ये. आल्यावर आधी तिच्या मागे बस, तेलाची वाटी घे, एक वेणी सोडून पुन्हा घालायला माझ्याकडून शिक. काही विचारू नकोस. तिला वाटलं तर बोलेल.

आता हे पत्र का लिहिलं तेही सांगून टाकते, म्हणजे माझं मन मोकळं होईल. हे मी आपण होऊन लिहायला घेतलेलं नाही. कात्री डब्यात गेली तेव्हा आमचं दोघींचं ठरलं: तिने केसांना हात लावायचा नाही आणि मी आईला सांगायचं. कागदावरच सांगायचं, ही तिची अट. फोनवर लिहिलं तर आई पुढे पाठवेल म्हणाली. ती इथेच माझ्या शेजारी मटार सोलत बसलीय आणि मी काय लिहिलं ते मधूनमधून वाचतेय, ‘पोले पोले’ला हसली सुद्धा. शकुने दार लोटलं त्या दिवशी नंतर जिन्यावर काहीतरी झालं होतं, प्रांजल आणि ती, दोघींमध्येच. मला तिने परवा सांगितलं. घाबरू नकोस, चांगलं आहे. इतकं चांगलं की ऐकून मी देवापुढे दिवा लावला. तुझ्या प्रकरणात ते नाही, कारण तुला ते माहीतच नाही. मी विचारलं, हे तरी लिहू का आईला? तिने मान हलवली, ‘नको, ती लिहील.’ मग आणखी मूठभर शेंगा सोलल्या आणि वर न बघताच म्हणाली, ‘ते मी लिहीन. आत्ता नाही, मोठी झाले की. आईला सांग, तेवढं माझ्यासाठी ठेव.’

तुझीच, आणि आज थोडी तिचीही,
आई